रोजच्या गाडीचे चित्र

साक्री तालुक्यातून रेल्वेचा रूळ गेलेला नाही. गाडी धरावयाची तर येथल्या माणसाला धुळे गाठावे लागते, नाही तर दोंडाईचा किंवा नंदुरबार. अशा गावी वसंत व्याख्यानमालेत आगगाड्यांविषयी बोलावयाचे, आणि त्यांतही मोडीत निघणाऱ्या जुन्या लोकल व पॅसेंजर गाड्यांची छायाचित्रे वेळीच काढून ठेवण्याविषयी बोलावयाचे, हे काही श्रोत्यांना चमत्कारिक वाटेल. पण विषय दिसतो तितका परका नाही. इतिहासाची साधने कोणती, ती कोणी व केव्हा गोळा करावयाची, हा प्रश्न धुळे जिल्ह्याला नवा नाही. इतिहासाचार्य राजवाडे यांचे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच निधन झाले, आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ धुळ्यात उभे राहिले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या त्यांच्या ग्रंथमालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला. त्यासाठी आणि त्यानंतरही ते गावोगाव हिंडले. माळ्यावर पडलेली, वाळवी लागलेली, उंदरांनी कुरतडलेली दप्तरे त्यांनी धुंडाळली. ज्यांच्या घरी ते कागद होते त्यांपैकी कित्येकांना ती रद्दी वाटत होती. राजवाड्यांना त्यांत इतिहास दिसला.

आज ज्या साधनाविषयी आम्ही बोलणार आहोत ते जुन्या दप्तरांइतके प्राचीन नाही. पण रद्दी समजले जाण्याचे भाग्य त्याच्याही वाट्याला आले आहे. रोजच्या गाडीचे छायाचित्र, हे ते साधन.

रोजची गाडी आम्ही कशाला म्हणतो हे आधी सांगितले पाहिजे. मेल किंवा एक्स्प्रेस गाडीने माणूस प्रवासाला जातो. रोजच्या गाडीने तो कामाला, शाळेला, बाजाराला किंवा कोर्टाच्या तारखेला जातो. पहिल्या गाडीत बसताना तो बॅग भरतो, घरचे लोक पोचवायला येतात, पोचल्यावर खुशाली कळवायची असते. दुसऱ्या गाडीत तो पास खिशात टाकून चढतो आणि उतरल्यावर गाडीला विसरून जातो. मोठ्या गाड्यांना नाव असते, प्रतिष्ठा असते. १ जून १९३० रोजी सुरू झालेल्या डेक्कन क्वीनचा वाढदिवस प्रवासी हौसेने साजरा करतात. सकाळच्या अंबरनाथ लोकलचा वाढदिवस कोणी साजरा केल्याचे आम्ही ऐकलेले नाही. वस्तुतः एका पिढीच्या आयुष्यातील किती तास या दुसऱ्या जातीच्या गाडीत गेले याचा हिशेब मांडला, तर डेक्कन क्वीनपेक्षा तीच इतिहासाला अधिक जवळची ठरेल. पण जी वस्तू रोज डोळ्यांसमोर असते तिच्याकडे पाहण्याची आपल्याला सवय नसते. आपण कॅमेरा लग्नात काढतो, स्वयंपाकघरात काढीत नाही.

आपल्या वाङ्मयात या सवयीला एक सुंदर अपवाद आहे. गोविंद नारायण माडगांवकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ हे पुस्तक १८६३ साली प्रसिद्ध झाले. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली होती. म्हणजे माडगांवकर लिहीत होते तेव्हा तिला पुरती दहा वर्षे झाली होती. राजवाड्यांची आणि गव्हर्नरांची चरित्रे लिहिण्याच्या काळात या गृहस्थाने शहरातील रस्ते, बाजार, धंदे, वाहने यांची नोंद करून ठेवली. आज दीडशेहून अधिक वर्षांनी मुंबईचा इतिहास लिहिणाऱ्यास त्या पुस्तकाचा आधार घ्यावा लागतो, याचे कारण त्याने असामान्य गोष्टी सांगितल्या हे नसून, त्या काळी सामान्य असलेल्या गोष्टी लिहून ठेवल्या हे आहे. माडगांवकरांच्या लेखणीने जे केले तेच काम आज कॅमेऱ्याला करता येईल.

आता मुंबईच्याच लोकलचे उदाहरण सविस्तर पाहू. खानदेशातून कल्याण, ठाणे, मुंबईकडे पोटापाण्यासाठी गेलेल्या कुटुंबांची संख्या थोडी नाही. तेव्हा साक्रीच्या श्रोत्यांपैकी अनेकांना तिचा परिचय आहेच. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या हार्बर मार्गावर हिंदुस्थानातील पहिली विजेची गाडी धावली. गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. ५ जानेवारी १९२८ रोजी पश्चिमेच्या बाजूस, त्या वेळच्या बी.बी.सी.आय. रेल्वेवर, बोरिवलीपर्यंत विजेच्या गाड्या सुरू झाल्या. या दोन्ही मार्गांवर वीज होती ती १,५०० व्होल्ट दाबाची आणि डी.सी., म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहाची. त्या काळी गाडीच्या मोटरला हीच वीज मानवत असे. तिचा वेग कमीजास्त करणे सोपे जाई.

या पद्धतीत एक उणीव होती, ती गाड्या व गर्दी वाढली तशी जाणवू लागली. विजेचा दाब कमी ठेवला की तेवढीच शक्ती पोचविण्यासाठी प्रवाह मोठा लागतो. प्रवाह मोठा झाला की तारा जाड लागतात, त्या तापण्यात वीज वाया जाते आणि थोड्याथोड्या अंतरावर सबस्टेशने बांधावी लागतात. पाण्याचा दाब कमी असेल तर शेतात तेवढेच पाणी नेण्यास जाड पाइप लागतो, तसाच हा प्रकार. युरोपात फ्रेंच रेल्वेने २५,००० व्होल्टच्या ए.सी. विजेवर गाड्या चालवून दाखविल्यानंतर १९५७ साली भारतीय रेल्वेनेही पुढील विद्युतीकरणासाठी तीच पद्धत स्वीकारली. देशभर नवे मार्ग ए.सी. होत गेले, मुंबईत मात्र जुनी डी.सी. टिकून राहिली, कारण दररोज लाखो माणसे वाहणारा मार्ग बंद ठेवून त्यावरची वीज बदलता येत नव्हती. मग ते काम तुकड्यातुकड्याने, रात्रीच्या वेळी मिळालेल्या थोड्या तासांत करावे लागले. काही वर्षे दोन्ही प्रकारच्या विजेवर चालणाऱ्या गाड्या वापरून हा संसार निभावला. पश्चिम रेल्वेवरचे काम फेब्रुवारी २०१२ मध्ये पुरे झाले. मध्य रेल्वेचा मुख्य मार्ग २०१५ मध्ये बदलून झाला. शेवटी राहिला तो हार्बर मार्ग, जेथे १९२५ साली आरंभ झाला होता तोच. ९ एप्रिल २०१६ च्या रात्री कुर्ल्याहून छत्रपती शिवाजी टर्मिनसकडे शेवटची डी.सी. लोकल निघाली, आणि एक्क्याण्णव वर्षांचा हा अध्याय संपला.

या शेवटच्या फेरीची छायाचित्रे वर्तमानपत्रांतून आली. ती काढली हे चांगलेच झाले. परंतु अशा छायाचित्रांविषयी आमच्या मनात जी शंका आहे ती येथे मांडली पाहिजे, कारण आजच्या व्याख्यानाचे सारे ओझे तिच्यावर आहे. शेवटच्या दिवसाचे छायाचित्र निरोपाचे असते, गाडीचे नसते. त्या दिवशी गाडी धुऊन-पुसून आणलेली असते. इंजिनाला किंवा मोटरमनच्या डब्याला हार घातलेला असतो. फलाटावर उभी असलेली माणसे त्या गाडीने कामाला जाणारी नसतात. ती तिला पाहायला आलेली असतात. ज्या माणसाने त्या गाडीत तीस वर्षे दाराशी उभे राहून प्रवास केला तो त्या क्षणी बहुधा घरी असतो, कारण सकाळी त्याला पुन्हा कामावर जायचे असते. तेव्हा शंभर वर्षांनी कोणी ती छायाचित्रे समोर ठेवून मुंबईच्या लोकलचा इतिहास लिहू लागला, तर लोकल म्हणजे हार घातलेली, मोकळी, टाळ्यांच्या गजरात सुटणारी गाडी असे त्याला वाटेल. एवढा मोठा गैरसमज कोणत्याही खोट्या कागदाने झाला नसता.

हा दोष आपल्याकडचाच आहे असे नाही. इंग्लंडात ११ ऑगस्ट १९६८ रोजी ब्रिटिश रेल्वेने वाफेच्या इंजिनाची निरोपाची खास गाडी लिव्हरपूलहून कार्लाइलपर्यंत नेली. तिचे भाडे पंधरा गिनी इतके जबर ठेवले होते, म्हणून ती ‘पंधरा गिनीची गाडी’ या नावानेच प्रसिद्ध आहे. पुलांवर, बांधांवर, शेतांत माणसे कॅमेरे घेऊन उभी होती. त्या एका दिवसाची छायाचित्रे मुबलक आहेत. परंतु गिरणीचा मजूर ज्या पॅसेंजर गाडीने त्याआधी वर्षानुवर्षे घरी गेला तिच्या डब्याच्या आतले चित्र हवे असेल तर अधिक शोधावे लागते. पंधरा गिनी मोजणाऱ्याचा तो दिवस होता, मजुराचा नव्हता.

उलट बाजूचे उदाहरणही सांगितले पाहिजे. अमेरिकेत विन्स्टन लिंक नावाचा न्यूयॉर्कमधील व्यावसायिक छायाचित्रकार होता. व्हर्जिनिया आणि पश्चिम व्हर्जिनिया या भागांतून जाणारी नॉरफोक अँड वेस्टर्न ही रेल्वे वाफेवर चालणाऱ्या अमेरिकेतील अखेरच्या मोठ्या रेल्वेमार्गांपैकी एक होती. ती लवकरच डिझेलवर जाणार हे ओळखून लिंकने १९५५ ते १९६० या काळात आपल्या खर्चाने तेथे वारंवार जाऊन रात्रीची छायाचित्रे काढली. एकेका चित्रासाठी तो अनेक फ्लॅश-बल्ब तारांनी जोडून एकदम पेटवीत असे. पण तांत्रिक करामतीपेक्षा आम्हांला दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. त्याच्या चित्रात इंजिन एकटे नसते. पोहणारी मुले, पेट्रोल भरून घेणारे जोडपे, घराच्या दिवाणखान्यात बसलेली बाई, आणि खिडकीबाहेरून धूर सोडीत जाणारी गाडी, असा तो सगळा संसार असतो. १९५६ साली काढलेल्या त्याच्या एका प्रसिद्ध चित्रात उघड्या मैदानावर मोटारीत बसून लोक सिनेमा पाहत आहेत, पडद्यावर विमान आहे आणि मागून मालगाडी जात आहे. फ्लॅशच्या उजेडात पडदा पांढरा पडला, म्हणून विमानाचे दृश्य दुसऱ्या निगेटिव्हवरून बसवावे लागले. हेही प्रसिद्ध आहे. चित्र कसे तयार झाले हे नोंदलेले असल्यामुळे आज आपण त्यावर किती विश्वास ठेवावयाचा ते ठरवू शकतो. लिंकने गाड्यांचे आवाजही ध्वनिमुद्रित करून ठेवले. शेवटच्या दिवसाची वाट न पाहता त्याने पाच वर्षे आधीपासून काम केले, हा त्याचा धडा आहे.

मुंबईच्या लोकलच्या बाबतीत असे काम झालेच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. सेबॅस्टियाओ साल्गादो या ब्राझिलियन छायाचित्रकाराने १९९५ साली चर्चगेट स्थानकावर काढलेले एक चित्र जगभर पाहिले गेले. त्यात फलाटावरून जाणारा लोकांचा लोंढा कॅमेऱ्याचे झाकण जरा अधिक वेळ उघडे ठेवल्यामुळे नदीसारखा वाहताना दिसतो. गाड्या मात्र दोन्ही बाजूंना स्थिर उभ्या आहेत. अलीकडे छायाचित्रकार अनुश्री फडणवीस यांनी लोकलमधील स्त्रियांच्या डब्यातील प्रवासिनींची छायाचित्रे रोजच्या प्रवासातच काढली. झोपलेल्या, केस विंचरणाऱ्या, बोलत बसलेल्या, आपापल्या विचारांत हरवलेल्या अशा त्या बायका आहेत. कोणत्याही निरोपसमारंभाशी त्यांचा संबंध नाही, आणि म्हणूनच पुढच्या इतिहासकाराला त्यांचा उपयोग होईल. ‘हॉल्ट स्टेशन इंडिया’ हे मुंबईच्या पहिल्या रेल्वेमार्गांविषयीचे पुस्तक २०१४ साली लिहिणारे राजेंद्र आकलेकर यांनी त्या मार्गांच्या कडेने प्रत्यक्ष पायपीट करून जुन्या खुणा शोधल्या. राजवाड्यांच्या परंपरेला शोभेल असेच हे काम आहे.

तरीही एकंदरीने पाहता जुन्या लोकलचे जे रोजचे जग होते त्याच्या मानाने चित्रे थोडी आहेत. याची कारणे समजण्यासारखी आहेत. फिल्मच्या काळात एका रोळात छत्तीस चित्रे निघत, मोठ्या फिल्मवर बारा. ती धुऊन छापण्याचा खर्च निराळा. मध्यमवर्गीय माणूस ती फिल्म लग्नमुंजीसाठी राखून ठेवी. शिवाय स्थानक, पूल, यार्ड या ठिकाणी कॅमेरा काढणे हे आपल्याकडे फार काळ संशयाचे मानले गेले. परवानगी लागे, आणि ती मिळविण्याची खटपट रोजच्या गाडीसाठी कोण करणार? त्यामुळे चौथ्या सीटवर अर्धे अंग टेकून बसलेला चाकरमान्या, जागा मिळावी म्हणून उलट्या दिशेच्या गाडीत चढून आलेला प्रवासी, सामानाच्या डब्यातले डबेवाले, टाळ वाजवीत जाणारे भजनी मंडळ, दसऱ्याला डब्यात लावलेली तोरणे आणि वाटलेला प्रसाद, यांची चित्रे घराघरांतून तुरळक सापडतील. डी.सी. मोटरचा चढत जाणारा घरघराट तर आता ज्यांच्या कानांत आहे त्यांच्याबरोबरच जाणार.

मोठ्या यंत्रांची सोय त्यामानाने बरी झाली. दिल्लीचे राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय १९७७ साली सुरू झाले. घाटातून मालगाड्या ओढणारे ‘क्रोकोडाइल’ जातीचे विजेचे इंजिन आणि ‘सर रॉजर लम्ले’ हे प्रवासी गाडीचे इंजिन तेथे पाहावयास मिळते. वाफेचे ब्रॉडगेजसाठी बांधलेले शेवटचे भारतीय इंजिन १९७० साली चित्तरंजनच्या कारखान्यातून बाहेर पडले, त्याला ‘अंतिम सितारा’ असे नाव दिले गेले. इंजिनाला नाव मिळते, चबुतरा मिळतो. लोकलचा डबा बहुधा भंगारात जातो, आणि त्यात बसलेल्या माणसाला तर कोणत्याच संग्रहालयात जागा नसते. त्याला जागा देऊ शकेल असे एकच घर आहे, ते म्हणजे छायाचित्र.

आता खानदेशाकडे वळू. येथे मुंबईसारखी लोकल कधी नव्हती. पण रोजची गाडी होती. पाचोरा ते जामनेर हा अडीच फूट रुंदीचा नॅरोगेज मार्ग पहिले महायुद्ध संपण्याच्या सुमारास, १९१८-१९ मध्ये सुरू झाला. लांबी सुमारे छप्पन्न किलोमीटर. सगळा मुलूख तिला ‘पीजे’ म्हणूनच ओळखत असे. शेंदुर्णी, पहूर अशी गावे तिने पाचोऱ्याच्या मोठ्या लाइनीला जोडली. आधी वाफेच्या आणि पुढे डिझेलच्या इंजिनाने ओढलेले तिचे लहान डबे शेतांच्या कडेने सावकाश जात. शाळा-कॉलेजची मुले, दूधवाले, बाजारकरी, दवाखान्यास निघालेले म्हातारे, शेंदुर्णीच्या त्रिविक्रमाच्या दर्शनाला निघालेली माणसे, असे तिचे प्रवासी. एस.टी.पेक्षा तिचे तिकीट स्वस्त पडे, ही तिची मोठी किंमत होती. शंभर वर्षे ती चालली.

पुढे काय झाले? २२ मार्च २०२० च्या मध्यरात्रीपासून कोरोनाच्या साथीमुळे देशातील सर्व प्रवासी गाड्या थांबविण्यात आल्या. पीजेही थांबली. मोठ्या मार्गांवरच्या गाड्या हळूहळू परत आल्या. ही मात्र पुन्हा सुरू झाली नाही, आणि पुढे हा मार्ग ब्रॉडगेज करून बोदवडपर्यंत वाढविण्याची योजना आली. ब्रॉडगेज होणे ही मागणी जुनीच होती, आणि ती पुरी होणे इष्टच आहे. परंतु एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. मुंबईच्या डी.सी. लोकलला शेवटची तारीख ठरवून मिळाली होती. पीजेला ती मिळाली नाही. तिची शेवटची फेरी झाली तेव्हा ती शेवटची आहे हे ना गार्डाला ठाऊक होते, ना प्रवाशाला. त्या दिवशी कोणी हार आणला नाही, कोणी मुद्दाम कॅमेरा आणला नाही. ज्यांनी ‘बंद व्हायच्या आधी एकदा जाऊन चित्रे काढू’ असे मनात ठेवले असेल त्यांना ती संधी मिळालीच नाही.

यावरून आम्ही जो निष्कर्ष काढतो तो असा: शेवटच्या दिवसाची वाट पाहून जे काम करावयाचे ठरते ते एक तर खोटे होते, नाही तर राहून जाते. मुंबईत निरोपाची चित्रे पुष्कळ आली आणि रोजची थोडी. खानदेशात निरोपच झाला नाही. पीजेची ज्यांनी आधीच, काही विशेष नसलेल्या एखाद्या मंगळवारी, चित्रे काढून ठेवली तेवढेच आज तिचे साक्षीदार आहेत.

या साक्षीला भावनेपलीकडेही अर्थ आहे. एखादा लहान मार्ग तोट्यात चालतो हे रेल्वेच्या हिशेबात लिहिले जाते, आणि तो आकडा खराही असतो. पण त्या मार्गाने कोणत्या गावची मुलगी पहिल्यांदा दहावीपुढे शिकायला गेली, हे कोणत्याही हिशेबात येत नाही. उद्या नव्या गाडीचे वेळापत्रक ठरेल, कोठे थांबा द्यावयाचा आणि कोठे वगळावयाचा याचा विचार होईल, तेव्हा ‘येथून कोण चढत होते’ असा प्रश्न कोणी विचारला तर उत्तर कशाने द्यावयाचे? सकाळच्या फलाटाचे, तारीख-वेळ लिहिलेले एक छायाचित्र अशा वेळी अर्जाच्या चार पानांपेक्षा अधिक बोलते. गरीब माणसाच्या बाजूचे कागद दप्तरात थोडे असतात. म्हणून त्याच्या बाजूची चित्रे अधिक जपावयास हवीत.

धुळ्याची गोष्टही याच मालिकेतील आहे. चाळीसगाव-धुळे हा फाटा १९०० साली सुरू झाला. मुंबईकडे जाणाऱ्या धुळेकराने, आणि त्याच्यामागोमाग साक्री-पिंपळनेरच्या माणसाने, या फाट्यावरच्या पॅसेंजरने चाळीसगाव गाठावयाचे आणि तेथे मोठी गाडी धरावयाची, हा पिढ्यांचा शिरस्ता. वाफ गेली, डिझेल आले. आणि डिसेंबर २०२१ मध्ये या मार्गावर विजेची मेमू गाडी धावू लागली. गाडी सुधारली याचा सर्वांना आनंद आहे. पण जुन्या पॅसेंजरच्या डब्यात बसून काढलेली किती छायाचित्रे आपल्या घरांत आहेत, हे घरोघरी एकदा तपासून पाहण्यासारखे आहे.

येथे कोणी म्हणेल, ‘आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, रोज हजारो चित्रे निघतात, मग काळजी कशाची?’ आक्षेप योग्य आहे, पण चित्रे निघणे आणि साधने जमणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राजवाड्यांना सापडलेल्या कागदावर बहुधा तिथी असे, स्थळ असे, कोणी कोणाला लिहिले ते असे. म्हणून त्याचे साधन झाले. मोबाइलमधल्या चित्राखाली काही लिहिलेले नसते. मोबाइल फुटला, हरवला किंवा बदलला की ती चित्रे जातात. वीस वर्षांपूर्वीच्या सीडी आज लावायला यंत्र मिळत नाही. शंभर वर्षांपूर्वीचा स्टुडिओतला फोटो मात्र भिंतीवर तसाच आहे. तेव्हा विपुलता ही सुरक्षितता नव्हे.

म्हणून काही व्यवहाराच्या सूचना करतो. गाडीचे चित्र बाहेरून एक घ्यावे आणि आतून दहा. बाक, पंखे, खिडकीची जाळी, डब्यावरची अक्षरे, तिकिटाची खिडकी, वेळापत्रकाचा फळा, पाण्याची टाकी, स्थानकावरचे झाड, हे सारे घ्यावे. माणसांची चित्रे त्यांना विचारून घ्यावीत. मोटरमन, गार्ड, फाटकवाला, गँगमन, चहावाला, यांची नावे व गावे त्यांच्या संमतीने लिहून ठेवावीत. रुळांत उतरून किंवा दारात लटकून चित्र काढू नये. एका चित्रासाठी जीव घालविण्यात कसलीही इतिहाससेवा नाही. प्रत्येक चित्रामागे तारीख, वेळ, स्थळ आणि गाडीची दिशा लिहावी. निवडक चित्रे कागदावर छापून घ्यावीत आणि एक प्रत गावच्या वाचनालयात द्यावी. जमल्यास आवाजही नोंदवावा. आणि घरातल्या वडीलधाऱ्या माणसासमोर जुने चित्र ठेवून त्याला बोलते करावे. चित्रात जे दिसत नाही ते तो सांगेल.

हे काम रेल्वेपुरतेच राहू नये. मुंबईची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी बंद पडली. तेथली जुनी डिझेलची दुमजली बस सप्टेंबर २०२३ मध्ये गेली. साक्रीची रोजची गाडी म्हणजे एस.टी. पहाटे पिंपळनेरकडून येणारी, शाळेच्या मुलींनी भरलेली, टपावर कधी काळी भाजीच्या पाट्या वाहिलेली ती तांबडी गाडीही बदलत चालली आहे; विजेवरच्या बसगाड्या महामंडळाकडे येऊ लागल्या आहेत. सुरत-नागपूर महामार्गावरील जुनी झाडे, कोंडाईबारीच्या घाटातील पूर्वीची वळणे, बाजाराच्या दिवशी स्टँडवर ऐकू येणारी अहिराणी, हे सारे आज इतके ओळखीचे आहे की त्याची नोंद करावी असे कोणाच्या मनात येत नाही. माडगांवकरांच्या मुंबईलाही तेव्हा ते तसेच ओळखीचे होते.

येथल्या शाळा-महाविद्यालयांतील शिक्षकांना आमची विनंती आहे की इतिहासाच्या तासाला मुलांना हे एक काम द्यावे. प्रत्येक मुलाने आपल्या गावच्या एस.टी.ची किंवा धुळे-दोंडाईचाच्या गाडीची पाच चित्रे काढावीत, त्यांखाली पाच ओळी लिहाव्यात आणि घरच्या एका वृद्धाची आठवण जोडावी. एका वर्षात तालुक्याचे एक दप्तर तयार होईल. ते नीट बांधून वाचनालयात ठेवावे, एक प्रत धुळ्याला पाठवावी. त्यासाठी कोणती गाडी बंद होणार आहे याची चौकशी करण्याचे कारण नाही. उद्या सकाळी सुटणाऱ्या पहिल्या गाडीपासून आरंभ केला तरी चालेल.